खाल्लेले अंगी का लागत नाही?

या व्याख्यानासाठी आम्ही विषय कळवला, तेव्हा आमच्या संघटनेच्या कचेरीतली मंडळी हसली. बोनस, महागाई भत्ता आणि ठेकेदारी यांवर बोलण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस तेलातुपावर आणि स्नायूंवर काय बोलणार, असे त्यांना वाटले. त्यांचे हसणे आम्ही मनावर घेतले नाही. मजुरीचा करार म्हणजे तरी शेवटी काय असतो? कामगार आपल्या दंडामांड्यांतले बळ विकतो आणि ते बळ पुन्हा भरून येईल इतके अन्न, इतकी झोप आणि इतका विसावा मिळावा, असे मागतो. मग ते बळ कशाने भरून येते आणि कशाने येत नाही, हा प्रश्न जितका डॉक्टरांचा तितकाच आमचाही आहे. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि त्यापुढचे सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर झाले. तेथे जे वाचले आणि जे घरात पाहिले, ते एकमेकांशी ताडून आज आपल्यापुढे मांडीत आहो.

घरचे आधी सांगतो. आमचे वडील सातारा जिल्ह्यातले. १९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा वडील सतरा वर्षांचे होते. त्या वर्षी गावोगावच्या तालमींतून जी पोरे जोर-बैठका मारू लागली, त्यांत तेही एक होते. घरची शेती कोरडवाहू. दूध, तूप, बदाम, थंडाई हा पैलवानाचा खुराक त्यांच्या ऐपतीबाहेरचा होता. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे आणि गूळ एवढ्यावर त्यांनी अंग कमावले. १९५४ साली ते मुंबईला आले आणि एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात लागले. गिरणगावातल्या तालमीत काढलेला त्यांचा एक फोटो आमच्या घरी आहे. लांघ लावून, मातीत पाय रोवून उभा असलेला तो जवान पाहिला की नजर त्याच्या मांडीवरून हलत नाही.

आम्हांस समजू लागले तेव्हा त्या फोटोतला माणूस उरला नव्हता. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळून येई. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. सोमवारची ही खूण लँकेशायरच्या कापडगिरण्यांत डॉक्टर रिचर्ड शिलिंग यांनी १९५०च्या दशकात पद्धतशीर अभ्यासली होती. आमच्या चाळीत मात्र तिला नाव नव्हते. 'सोमवारचा दम' एवढेच लोक म्हणत. पुढे तो दम मंगळवारी, बुधवारीही राहू लागला आणि वडिलांचे अंग झडू लागले. आई आम्हां भावंडांना वनस्पतीवर भागवी. पण वडिलांच्या भातावर मात्र रोज चमचाभर साजूक तूप पडे. शेजारच्या मालवणी काकू बांगड्याचे कालवण केले की एक वाटी पाठवीत, तीही त्यांच्याच ताटात जाई. तरी दंड बारीकच होत गेले. आई म्हणे, "यांना खाल्लेले अंगी लागत नाही." ते तिने शंभरदा म्हटले असेल. शेवटी शेवटी ती स्वतःलाच दोष देऊ लागली होती, की आपण खुराक द्यायला कमी पडलो.

खाल्लेले अंगी का लागत नाही, या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही स्निग्ध पदार्थांच्या इतिहासापाशी येऊन पोचलो.

अन्नातील कशाने बळ येते, याचा शास्त्रीय वाद एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रंगला. युस्टुस फॉन लीबिग या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने १८४०च्या दशकात असे प्रतिपादन केले, की काम करताना स्नायू स्वतःच जळतो, म्हणजे त्यातील प्रथिने जळतात. तेल, तूप, साखर यांचा उपयोग केवळ अंगात ऊब ठेवण्यापुरता. हा सिद्धांत दोन माणसांनी डोंगर चढून तपासला. १८६५ सालच्या ऑगस्टमध्ये झुरिकचे आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनस हे दोघे प्राध्यापक स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न नावाच्या शिखरावर चढले. जवळजवळ दोन हजार मीटरची ती चढण होती. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिन असलेले अन्न वर्ज्य केले होते. पिष्टाच्या चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर एवढेच खाल्ले. लघवीतून गेलेले नत्र मोजून त्यांनी हिशेब केला, तेव्हा दिसले, की जळालेल्या प्रथिनांतून निघणारी शक्ती त्या चढणीला अर्धीही पुरली नसती. म्हणजे डोंगर चढवला तो पिष्टाने आणि चरबीने. चरबीला कामगाराच्या अन्नात मानाचे पान मिळाले ते या हिशेबापासून.

पण मान मिळाला तो सरपणाचा. चरबी म्हणजे जळण, आणि जळण म्हटले की ते स्वस्त हवे, असा विचार युरोपातल्या राज्यकर्त्यांनी आणि कारखानदारांनी केला. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने आरमारासाठी आणि गरीब वर्गासाठी लोण्याला स्वस्त पर्याय शोधणाऱ्यास बक्षीस लावले. १८६९ साली इपोलित मेज-मूरिए याने गाईबैलांच्या चरबीपासून आणि साय काढलेल्या दुधापासून तो तयार केला, तेच मार्गारिन. दोन वर्षांत ही कृती हॉलंडमधील युर्गेन्स या लोणी-व्यापारी घराण्याच्या हाती गेली. पुढे गुरांची चरबी पुरेना, तेव्हा १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. आता कोणतेही स्वस्त तेल लोण्यासारखे थिजवता येऊ लागले. हॉलंडमधील लोणीवाल्या घराण्यांचे वारस आणि इंग्लंडचे साबणवाले लीव्हर यांनी १९२९ साली हातमिळवणी केली आणि युनिलिव्हर ही कंपनी जन्मास आली. तिचाच वनस्पतीचा कारखाना १९३०च्या दशकात आमच्या शिवडीला सुरू झाला आणि १९३७ साली डालडा बाजारात आला.

त्या वेळी मुंबईचा कामगार काय खात होता? मुंबईच्या कामगार कचेरीचे फिंडले शिरास यांनी १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि १९२३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातला एक निष्कर्ष वाचून आम्ही वाचनालयात कितीतरी वेळ पान उलटले नव्हते. कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळी कामांच्या नियमांत सांगितलेल्या कमाल शिध्याएवढे होते. परंतु मुंबईच्या तुरुंग-नियमावलीत कैद्याला जे धान्य ठरवून दिले होते, त्यापेक्षा ते कमी होते. ज्याने गुन्हा केला त्याचे ताट भरलेले, आणि जो दिवसभर साच्यावर उभा राहिला त्याचे अपुरे! त्याच दशकात दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन हे डॉक्टर उंदरांना हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे जेवण खाऊ घालून त्यांची वाढ तपासत होते. दूध, लोणी, गव्हाची पोळी आणि भाज्या असलेल्या शीख जेवणावर उंदीर सर्वांत सुदृढ निघाले, सडलेल्या तांदळाच्या मद्रासी जेवणावर सर्वांत अशक्त, आणि मराठा जेवण मधल्या पायरीवर होते. तेव्हा ज्याच्या ताटात स्निग्धांश नव्हता त्या माणसाला वनस्पतीचा डबा हा उपकारच वाटला, यात नवल नाही. आमच्या आईलाही तो तसाच वाटत असे. तिची चेष्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

चरबी हे नुसते जळण नव्हे, हे याच सुमारास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात सिद्ध झाले. जॉर्ज बर आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड यांनी उंदरांना मुबलक अन्न दिले. पण त्यातला स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकला. उंदरांच्या शेपटीला खवले धरले, त्यांची वाढ खुंटली, मूत्रपिंडे बिघडली आणि ते मेले. काही उंदरांना लिनोलेइक आम्ल या एका मेदाम्लाचे मोजके थेंब दिले, आणि ते बरे झाले. हे शोध १९२९ आणि १९३० साली प्रसिद्ध झाले. थेंबाथेंबाने जे काम करते ते सरपण असूच शकत नाही. त्याचे काम काही निराळेच असले पाहिजे. ते काम उलगडायला पुढे चाळीस-पन्नास वर्षे लागली, आणि त्या उलगड्यात सूज, म्हणजे डॉक्टर ज्याला दाह म्हणतात तो, आडवा आला.

दाहाची ओळख फार जुनी. पहिल्या शतकातील सेल्सस या रोमन ग्रंथकाराने त्याच्या चार खुणा नोंदल्या आहेत: लाली, सूज, गरमी आणि वेदना. कित्येक शतके वैद्य दाहाला केवळ रोग समजत आले. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे इल्या मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांना बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्या काट्यांभोवती भटक्या पेशी गोळा झालेल्या! त्याच्या ध्यानात आले, की दाह ही शरीराने बोलावलेली कुमक आहे. या कार्यासाठी त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

स्नायू कमावण्याची रीतही याच कुमकीवर चालते. नवशिक्याने पहिल्या दिवशी शंभर बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवत नाही. वस्ताद म्हणतो, अंग आंबले. १९०२ साली थिओडोर हाफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने ताडले होते, की हे दुखणे नुसत्या थकव्याचे नसून स्नायूच्या आत बारीक इजा झाल्याचे आहे. त्या इजेच्या जागी पांढऱ्या पेशी येतात. त्या आधी मोडतोड उपसून नेतात, आणि मग आपले रूप पालटून डागडुजीस मदत करू लागतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूतंतूंना चिकटून पडलेल्या काही निजलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. इजेनंतर याच पेशी जाग्या होतात आणि तंतूंना नवा माल पुरवतात, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे आधी थोडी मोड, मग थोडा दाह, मग बांधणी. पण या बांधणीला एक अट आहे. कुमक वेळेवर आली पाहिजे, आणि काम झाल्यावर वेळेवर परतलीही पाहिजे. भिंत बांधून झाल्यावरही घरात मुक्काम ठोकणारा गवंडी घरधन्याचेच धान्य संपवतो.

ही कुमक बोलावतो कोण आणि परत धाडतो कोण? येथे तेल पुन्हा रंगमंचावर येते. स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३०च्या दशकात वीर्यात एक प्रभावी द्रव्य पाहिले आणि त्याला प्रोस्टाग्लँडिन असे नाव दिले. ते कशापासून बनते हे १९६४ साली दोन ठिकाणी एकाच वेळी सापडले: एक स्टॉकहोमला सूने बेर्गस्ट्रोम यांच्या प्रयोगशाळेत, आणि दुसरे हॉलंडमध्ये व्लार्डिंगेन येथील युनिलिव्हरच्या प्रयोगशाळेत. उत्तर होते ॲराकिडोनिक आम्ल. बर दांपत्याच्या त्या लिनोलेइक आम्लापासून शरीर जे घडवते, तेच हे मेदाम्ल. पेशींच्या आवरणात ते साठलेले असते, आणि इजा झाली की त्यातून दाहाचे निरोप्ये तयार होतात. ज्या कंपनीने जगाला स्वस्त चरबी खाऊ घातली, तिच्याच प्रयोगशाळेत चरबी ही निरोप धाडणारी वस्तू आहे हे सिद्ध व्हावे, ही इतिहासाची गंमत म्हणावी लागेल. १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले, की ॲस्पिरिनची गोळी वेदना थांबवते ती हे निरोप्ये तयार होणे रोखून.

बेर्गस्ट्रोम, त्यांचे शिष्य सॅम्युएल्सन आणि व्हेन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८२ साली. मुंबईच्या कोणत्याही गिरणी कामगाराच्या मुलाला ते साल निराळ्या कारणाने आठवते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. त्याच वर्षी अमेरिकेत रोडेमान आणि गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांच्या स्नायूंवरील एक शोध प्रसिद्ध केला. ॲराकिडोनिक आम्लापासून बनणाऱ्या निरोप्यांपैकी एक स्नायूत प्रथिनांची भर घालतो आणि दुसरा प्रथिनांची मोडतोड वाढवतो, असे त्यांना आढळले होते. बांधणारा आणि पाडणारा एकाच तेलाच्या थेंबातून निघतो! आमच्या चाळीत हे कोणाला ठाऊक असणार? आम्ही एवढेच पाहत होतो, की धूळ बंद झाल्यामुळे वडिलांची छाती त्या वर्षी थोडी मोकळी झाली आहे, आणि पगार बंद झाल्यामुळे ताट रिकामे झाले आहे.

तीन वर्षांनी, १९८५ साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून आमच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आले. अँथनी सेरामी आणि त्यांचे सहकारी परजीवींची लागण झालेली जनावरे झिजत का जातात, याचा शोध घेत होते. ही झीज घडवणाऱ्या द्रव्याला त्यांनी कॅकेक्टिन म्हटले. ते शुद्ध करून पाहिले तो काय, शरीराच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशी ते सोडत होत्या, आणि गाठींचा नाश करणारे म्हणून जे द्रव्य निराळ्या नावाने आधीच ओळखले जात होते तेच हे निघाले. दाह दीर्घकाळ धुमसत राहिला की अशी द्रव्ये स्नायूतील प्रथिने मोडू लागतात आणि नवी बांधणी अडवतात. क्षय, कर्करोग, संधिवात आणि फुप्फुसांचे जुनाट विकार यांत माणूस जेवत असूनही का वाळतो, याचे एक मोठे कारण येथे सापडले. दम लागतो म्हणून हालचाल कमी होते, धाप लागते म्हणून जेवण कमी जाते, आणि त्यात हा धुमसता दाह. तिन्ही मिळून दंड खातात. आमच्या आईचे तूप कमी पडले नव्हते. गिरणीची धूळ वडिलांच्या छातीत रोज काटे टोचत होती, आणि कुमकीला परत जाण्याची सवडच मिळत नव्हती. वडील १९९४ साली गेले. हे आम्हांस उमगले त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. पण आई हयात असताना तिला सांगता आले, एवढे समाधान आहे. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग धुळीचे पैसे कोणी भरायचे होते?"

आता ताटाकडे पुन्हा वळू. दाह शमवण्यात तेलाचा हात आहे काय? या शतकाच्या आरंभी बोस्टनमध्ये चार्ल्स सेऱ्हान यांनी दाखवले, की दाह आपोआप विझत नाही; तो विझवणारे निरोप्येही असतात, आणि त्यांपैकी कित्येक ओमेगा-३ जातीच्या मेदाम्लांपासून बनतात. ही मेदाम्ले बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीत तयार मिळतात. जवसात त्यांचे कच्चे रूप असते; पण आपले शरीर त्यातले फारच थोडे पक्क्या रूपात आणू शकते.

यावर माणसांत प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत सेंट लुई येथे २०११ साली साठी-पासष्टी उलटलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे माशाच्या तेलातील ओमेगा-३ दिले, तेव्हा अन्नातील प्रथिनांना त्यांचे स्नायू अधिक जोमाने प्रतिसाद देऊ लागले. पुढे २०१५ साली सहा महिन्यांच्या प्रयोगात मांडीच्या स्नायूत थोडी, पण मोजता येण्याजोगी वाढ दिसली. ही वाढ दाह शमल्यामुळेच झाली असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. कसलेल्या जवानाला, ज्याच्या पोटात पुरेशी प्रथिने जात आहेत त्याला, याचा विशेष लाभ दिसलेला नाही. स्वीडनमध्ये उप्साला येथे २०१४ साली ३९ तरुणांना सात आठवडे जादा केक खाऊ घातले. निम्म्यांचे सूर्यफुलाच्या तेलातले, निम्म्यांचे पामतेलातले. वजन दोघांचे सारखेच वाढले. पण पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटात चरबी अधिक साठली, तर सूर्यफूलवाल्यांच्या अंगात चरबीखेरीजचे मांस जवळजवळ तिप्पट अधिक वाढले. एका प्रयोगावर इमारत उभारू नये हे आम्ही जाणतो. तेलाचा गुण आहे. पण तो मिठासारखा आहे. भाकरीच नसेल तर मीठ पोट भरीत नाही, आणि अंगमेहनतीवाचून व प्रथिनांवाचून कोणतेही तेल स्नायू बांधीत नाही. तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही, ही म्हण आपल्या आज्यांनी प्रयोगशाळेवाचूनच रचली होती.

वनस्पतीचा हिशेब मात्र पुरता झाला आहे. तेल अर्धवट थिजवताना जी ट्रान्स जातीची मेदाम्ले तयार होतात, ती रक्तातील कोलेस्टेरॉल बिघडवतात हे १९९० साली हॉलंडमधील प्रयोगांत दिसले, आणि पुढे त्यांचा दाहाच्या खुणांशीही संबंध आढळला. २००३ साली डेन्मार्कने त्यांवर जगात पहिल्यांदा कायद्याने मर्यादा घातली. भारतात खाद्यतेलांतील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणणारा नियम लागू झाला तो जानेवारी २०२२ पासून. नॉर्मानच्या पेटंटपासून मोजले तर एकशे वीस वर्षे झाली. एवढ्या काळात किती कष्टकऱ्यांनी तो डबा उपकार मानून घरी नेला असेल!

शेवटी आमच्या संघटनेतल्या एका तरुण माथाड्याची गोष्ट सांगतो, कारण या विषयाकडे आम्हांस ढकलले ते त्यानेच. दिवसभर पोती वाहून तो संध्याकाळी व्यायामशाळेत जाई. खांदे दुखत म्हणून रोज सकाळी कामाआधी वेदनाशामक गोळी घेई. औषधाच्या दुकानातून मूठभर आणून ठेवलेल्या. "दादा, एवढी मेहनत करतो, तरी अंग भरत नाही, असे का?" असे त्याने विचारले. आम्हांला आईचा आवाज ऐकू आला. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आम्ही त्याला समजावून सांगितला. तरुण स्त्री-पुरुषांनी आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम केला. ज्यांनी रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेतले त्यांचा स्नायू ३.७ टक्के वाढला. ज्यांनी केवळ ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतले त्यांचा ७.५ टक्के. वेदनेबरोबर गोळीने गवंड्याचेही काम थांबवले होते. उलट, २०११ साली अमेरिकेत वयस्क माणसांवर केलेल्या अशाच प्रयोगात गोळी घेणाऱ्यांचे स्नायू अधिक वाढले. कदाचित उतारवयात धुमसणारा दाह तिने आवरला असावा. तेव्हा गोळी वाईट किंवा दाह वाईट असे सरसकट म्हणता येत नाही. डॉक्टरने दिलेले औषध आमच्या सांगण्यावरून कोणी सोडू नये. पण दुखणे दाबून रोज पोते उचलावे लागणे, हा औषधाचा प्रश्न नव्हे. तो पोत्याच्या वजनाचा आणि मधल्या विसाव्याचा प्रश्न आहे.

आणि तो प्रश्न नवा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याविषयीचा करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगितली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. तरी शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणण्यासाठी हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षे भांडावे लागले, आणि भारताने त्या करारावर मान्यतेची सही केली ती २०१० साली. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, तेव्हा तिने प्रोस्टाग्लँडिनचे नाव घेतले नव्हते. पण कष्टकऱ्याच्या ताटात काय पडावे हे कष्टकऱ्यांनीच ठरवावे, हा धडा तिने घालून दिला.

ताटातले तेल कोणते असावे हे अवश्य ठरवू. शेंगदाणा, जवसाची चटणी, जमेल त्याने बांगडा-तारली; वारंवार उकळलेले तळणीचे तेल आणि वनस्पती टाळावी. उपाहारगृहाच्या करारात आम्ही हे मागतोच. परंतु अन्न अंगी लागायचे तर अंगातली आग आधी विझली पाहिजे, आणि तिचा पुष्कळसा भाग ताटात पेटत नाही. तो धुळीत पेटतो, जास्तीच्या पोत्याखाली पेटतो, लागोपाठच्या रात्रपाळीत पेटतो. तो त्या सोमवारात पेटतो, ज्याच्या आधीचा रविवार पुरेसा नव्हता. म्हणून यंदाच्या मागणीपत्रात आम्ही धूळ खेचून घेणारी यंत्रे, पोत्याचे वजन आणि जेवणानंतरची अर्ध्या तासाची सुट्टी ही तीन कलमे भत्त्याच्याही आधी घातली आहेत. व्यवस्थापनाने विचारले, याचा उत्पादनाशी काय संबंध? उत्तर म्हणून आम्ही वडिलांचा तालमीतला फोटो खिशातून काढून टेबलावर ठेवला. बोलणी अजून चालू आहेत.